भाकरी सोडल्यावर पोट का रुसतं

लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांचा (कार्ब्जचा) आहार, सुरू करून आठवडा झाला की बऱ्याच जणांची तक्रार सारखीच असते. काटा खाली आला, साखरेचे आकडे सुधारले, पण पोट साफ होत नाही. काहींचं अगदी उलट, दिवसातून चारदा पळावं लागतं. काहींचं पोट जेवलं की ढोलासारखं फुगतं. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "पोळी-भात सोडलास ना, होणारच असं." यावर माणूस एक तर सगळं सोडून पुन्हा पहिल्या ताटाकडे वळतो, नाहीतर रोज रात्री चूर्ण घ्यायला लागतो. बहुतेकांना दोन्हीची गरज नसते.

ताटातून पोळी, भाकरी आणि भात काढला की त्यांच्याबरोबर तीन गोष्टी नकळत निघून जातात: चोथा (फायबर), पाणी आणि मीठ. रिकाम्या जागी काही गोष्टी एकदम वाढून येतात: तूप-लोणी, पनीर, सुकामेवा, फ्लॉवर-कोबी आणि "शुगर-फ्री" लिहिलेली पाकिटं. पोटाच्या तक्रारीचं मूळ जवळजवळ नेहमी या दोन याद्यांपैकी एकीत सापडतं. म्हणून औषध शोधण्याआधी तुमच्या ताटातून काय गेलं आणि काय आलं, ते कागदावर लिहून काढा.

इथे लो-कार्ब म्हणजे दिवसाला साधारण 130 ग्रॅमच्या आत कार्ब्ज, आणि कीटो म्हणजे 20 ते 50 ग्रॅम. 100 ग्रॅमच्या आसपास खाणाऱ्यांना त्रास कमी होतो, 50 च्या खाली गेल्यावर तो वाढतो. यात नवीन काही नाही. कीटोजेनिक आहार हे नाव 1921 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी दिलं, ते अपस्माराच्या रुग्णांसाठी. त्या उपचारावर असलेल्या मुलांमध्ये बद्धकोष्ठ हा आजही नेहमी दिसणारा त्रास आहे, आणि त्याची तजवीज आहार सुरू करतानाच केली जाते. आपण ती तजवीज करत नाही, चूक तिथे होते.

बद्धकोष्ठ खरंच आहे का?

चोथा कमी झाला की मळही कमी तयार होतो. रोज सकाळी जाणारा माणूस दिवसाआड जायला लागतो आणि घाबरतो. पण दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंत सगळं सामान्य धरतात. किती वेळा झाली यापेक्षा कशी झाली हे बघा. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी बनवलेला सात प्रकारांचा तक्ता जगभर वापरतात. पहिला प्रकार म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे कडक खडे, दुसरा गाठीगाठींचा, तिसरा आणि चौथा केळ्यासारखा सलग, पाचवा मऊ तुकड्यांचा, सहावा पातळसर आणि सातवा निव्वळ पाणी. दोन दिवसांनी का होईना, पण तिसरा-चौथा प्रकार जोर न करता होत असेल तर ते बद्धकोष्ठ नाही. रोज होतंय पण खडे पडतायत, कुंथावं लागतंय, अर्धवट राहिल्यासारखं वाटतंय, तर ते बद्धकोष्ठ आहे.

गेलेला चोथा किती, तो भरायचा कशाने

30 ग्रॅम कणकेची एक पोळी साधारण 3 ग्रॅम चोथा देते. 60 ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी 6 ग्रॅमच्या आसपास देते. दिवसाला पाच पोळ्या खाणाऱ्याने त्या बंद केल्या की 15 ग्रॅम चोथा एका दिवसात गेला. प्रौढ माणसाला दिवसाला 25 ते 30 ग्रॅम हवा असतो, म्हणजे निम्मा तिथेच संपला. त्या जागी आलेली अंडी, पनीर, चिकन, बांगडा यांत चोथा शून्य.

"भाज्या भरपूर खा" हे सगळे सांगतात, पण भरपूर म्हणजे किती हे सांगत नाहीत. आपल्याकडे पाव किलो भाजी तिघांना पुरवतात, कारण भाजी पोळीबरोबर तोंडी लावायला असते. एकाच्या वाट्याला 80 ग्रॅम येते. पोळी गेल्यावर भाजी हेच जेवण आहे, त्यामुळे एका माणसाला एका वेळी निवडलेली, कच्ची 200 ग्रॅम भाजी लागते. हा बदल घरच्या स्वयंपाकात सर्वांत अवघड जातो आणि माझ्या मते निम्म्या तक्रारी याच एका ठिकाणी सुटतात. बाजारातून आणतानाच दुप्पट आणायची.

सगळ्या भाज्या सारख्या नाहीत. शेवग्याच्या शेंगा, गवार, मेथी, भेंडी, वांगी यांत 100 ग्रॅममागे 4 ते 6 ग्रॅमच्या आसपास चोथा असतो. दुधी, पालक यांत 2 च्या आसपास, काकडीत त्याहून कमी. हलक्या म्हणून फक्त दुधी आणि पालकावर राहिलात तर गणित जमणार नाही. गोव्या-कोकणात मिळणारी तांबडी भाजी, ओलं खोबरं घालून केलेली, इथे फार उपयोगी आहे, कारण खोबऱ्याचा चोथाही त्यात येतो. नारळाचं दूध काढून उरलेला चव (किसलेलं खोबरं) टाकून दिला तर मात्र चोथाच टाकून दिल्यासारखं होतं.

एका दिवसाचा हिशेब असा बसतो. सकाळी दही किंवा अंड्यांबरोबर दोन मोठे चमचे जवसाची पूड (15 ग्रॅम), 4 ग्रॅम चोथा. दुपारी 200 ग्रॅम गवार किंवा मेथीची भाजी, 9 ग्रॅम. सोबत काकडी-कोबीची वाटीभर कोशिंबीर, 2 ग्रॅम. रात्री 200 ग्रॅम वांगं किंवा भेंडी, 8 ग्रॅम. दिवसभरात 30 ग्रॅम शेंगदाणे, भाजून किंवा चटणीत, अडीच ग्रॅम. झाले 25 च्या पुढे, आणि यातून मिळणारे पचणारे कार्ब्ज 20 ते 25 ग्रॅमच्या आसपास राहतात. कीटोतही हे बसतं.

जवसाबद्दल एक सूचना. अख्खं जवस न चावता गिळलं तर तसंच बाहेर पडतं. विदर्भ-मराठवाड्यात भाजून चटणी करतात तीच योग्य रीत: मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचं, गार करून लसूण, तिखट, मीठ घालून भरड वाटायचं. वाटलेलं जवस खवट लवकर होतं, म्हणून आठ-दहा दिवसांपुरतंच करा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा.

चोथा एकदम वाढवला तर फुगारा धरतो, हेही ठरलेलं. तीन-चार दिवसांनी 5 ग्रॅम, या चालीने वाढवा. गव्हाचा कोंडा मात्र टाळा. स्वस्त आहे, चोथाही भरपूर, पण खरखरीत असतो आणि आधीच फुगलेलं पोट आणखी फुगवतो.

इसबगोल घेताना होणाऱ्या चुका

इसबगोलाचं भुसं या आहारात फार कामाचं आहे. त्यात जवळजवळ सगळा चोथाच असतो, पचणारे कार्ब्ज नगण्य. ते पाणी धरून फुगतं आणि मळ मऊ ठेवतं. जुलाबातही उपयोगी पडतं, कारण तिथलं जास्तीचं पाणी शोषून घेतं. पण ते बरोबर घेतलं तरच.

पहिले चार दिवस एक छोटा चमचा, नंतर एक मोठा चमचा (साधारण 5 ग्रॅम), गरज वाटली तर दोन. प्रत्येक मोठ्या चमच्याला 250 मिली पाणी, ढवळून लगेच प्यायचं, आणि वर आणखी अर्धा पेला. पेल्यात ठेवून दिलं तर त्याचा गोळा होतो आणि घशाखाली उतरत नाही. कोरडं तोंडात टाकून वर घोटभर पाणी पिणं धोक्याचं, घशात किंवा अन्ननलिकेत अडकू शकतं. झोपायला आडवं होताना घेऊ नका, रात्रीच्या जेवणाच्या अर्धा तास आधी घ्या. थायरॉइडची, मधुमेहाची किंवा हृदयाची गोळी आणि इसबगोल यांत निदान दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कमी पाणी. दिवसभरात लिटरभर पाणी पिणाऱ्याने इसबगोल वाढवलं तर खडा आणखी घट्ट होतो. "इसबगोलाने मला उलट जास्त त्रास झाला" म्हणणाऱ्यांचं पाणी आधी मोजा. इसबगोल घालून लाटलेल्या कीटो रोट्या खाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. रोटीला एक मोठा चमचा भुसं असेल तर तीन रोट्यांत 15 ग्रॅम झालं. त्यावर आणखी पेल्यातून घेण्याची गरज नाही, पाणी मात्र तेवढंच लागेल.

पाणी आणि मीठ

शरीर आपल्याजवळ ग्लायकोजेनच्या रूपात काही कार्ब्ज साठवतं, यकृत आणि स्नायू मिळून चार-पाचशे ग्रॅमच्या घरात. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी असतं. पहिल्या आठवड्यात जे दीड-दोन किलो उतरतात त्यातलं बरंचसं हे पाणी. शिवाय इन्सुलिन खाली आलं की मूत्रपिंडं मीठ धरून ठेवत नाहीत, लघवीवाटे सोडियम जातं, आणि सोडियममागे पाणी जातं. शरीर कोरडं पडायला लागलं की मोठं आतडं मळातून शक्य तेवढं पाणी ओढून घेतं. परिणाम: खडे. सोबत डोकं दुखणं, उठल्यावर चक्कर, रात्री पोटरीत वांब येणं. ही लक्षणं एकत्र असतील तर चोथा वाढवून भागणार नाही, आधी मीठ-पाणी भरा.

नुसतं पाणी पीत राहणं हा उपाय नाही. मीठ नसलेलं पाणी थोड्या वेळात लघवीवाटे निघून जातं. सोपा मार्ग ताक आहे. चार मोठे चमचे दही, 200 मिली पाणी, पाव छोटा चमचा मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. पाव चमचा मिठातून साधारण 600 मिलिग्रॅम सोडियम मिळतं. जेवणात मीठ नेहमीइतकं असेल तर असे दोन पेले पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांना पुरतात. ताक चालत नसेल तर हाडांचा किंवा भाज्यांचा कळण, नाहीतर लिंबू-मीठ-पाणी, साखर न घालता. नारळपाण्यात पोटॅशियम चांगलं असतं पण साखरही असते, त्यामुळे कीटोवाल्यांनी अर्धा पेला पुरे समजावा. पाण्याचं माप म्हणून लघवीचा रंग बघा, फिकट पिवळा हवा. अडीच लिटर सर्वसाधारण, विदर्भातल्या उन्हाळ्यात तीनच्या पुढे.

ज्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी हे जास्तीचं मीठ स्वतःहून घ्यायचं नाही. लो-कार्बने रक्तदाब उतरतो आणि गोळीचा डोस बदलावा लागू शकतो, ते डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

एवढं करूनही कोठा जड राहिला तर रात्री मॅग्नेशियम सायट्रेट, 200 मिलिग्रॅम मॅग्नेशियम मिळेल इतकं, हा पुढचा टप्पा. ते आतड्यात पाणी ओढून आणतं. जास्त झालं तर जुलाब होतात, मग निम्मं करायचं. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी घेऊ नये. बाजारातली चूर्णं घेण्याआधी पाकिटावरची घटकांची यादी वाचा. त्यात सोनामुखी असेल तर ते आतड्याला हिसका देऊन काम करवून घेणारं औषध आहे. आठवड्यात एखाद्या वेळी ठीक, रोज नको.

आणि बसण्याची पद्धत. उकिडवं बसलं की गुदाशयाचा मार्ग सरळ होतो. कमोड वापरत असाल तर पायांखाली वीतभर उंचीचा पाट घ्या. सकाळी कोमट पाणी किंवा चहा झाल्यावर वीस-तीस मिनिटांत आतड्याची हालचाल आपोआप वाढते, ती वेळ ऑफिसच्या घाईत घालवू नका.

आलेलं तूप

आता दुसरी यादी. ज्याच्या जेवणात दिवसाला तीन-चार चमचे तेल-तूप होतं, तो अचानक लोणी घातलेली कॉफी, वर तूप सोडलेली अंडी आणि मलईतलं पनीर खायला लागतो. स्निग्ध पदार्थ पचवायला पित्तरस लागतो. (आपण "पित्त झालं" म्हणतो ते आम्लपित्त. इथला पित्तरस वेगळा, तो यकृतात तयार होतो आणि पित्ताशयात साठतो.) अंगाला सवय नसताना एकदम भरपूर तूप आलं तर सगळं पचत नाही. न पचलेलं तूप मोठ्या आतड्यात पोचलं की जुलाब. ओळखायची खूण म्हणजे मळ तेलकट, फिकट, फार वास येणारा, पाण्यावर तरंगणारा आणि भांड्याला चिकटून राहणारा.

उपाय म्हणजे तूप बंद करणं नव्हे, चढण हळू करणं. नेहमीच्या मापावर दर तीन दिवसांनी एक-दोन छोटे चमचे वाढवा, आणि ते तिन्ही जेवणांत वाटून घ्या. एका बैठकीत 20-25 ग्रॅमपेक्षा जास्त चरबी सुरुवातीला नको. दोन मोठे चमचे तूप झाले की तेवढी पूर्ण होते, पनीर आणि अंड्यांतली धरून आणखी लवकर. खोबरेल आणि त्यातून काढलेलं एमसीटी तेल इथे विशेष जपून. एमसीटी रिकाम्या पोटी मोठा चमचाभर घेतलं की तासाभरात पोटात कळा येऊन जुलाब होणं अगदी नेहमीचं. छोट्या चमच्याने, जेवणाबरोबर सुरू करा.

पित्ताशय काढलेल्यांनाही लो-कार्ब जमतं. त्यांच्याकडे पित्तरस साठवायची पिशवी नसते, तो सतत थोडाथोडा पाझरतो. म्हणून जेवणं चार, लहान, प्रत्येकात 10-15 ग्रॅम चरबी. जेवल्यावर लगेच पाणीदार जुलाब होत राहिले तर त्यावर वेगळं औषध असतं, डॉक्टरांना विचारा. पित्ताशयात खडे आहेत हे माहीत असेल तर मात्र तूप वाढवण्याआधीच सल्ला घ्या. तुपकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती पाठीत किंवा उजव्या खांद्यात जात असेल तर गॅस समजून ओवा खात बसू नका, सोनोग्राफी करा.

आम्लपित्त लो-कार्बमध्ये बऱ्याच जणांचं कमी होतं. ज्यांचं वाढतं त्यांचं रात्रीचं जेवण बघा. चरबी पोटात जास्त वेळ थांबते, त्यामुळे दहाला पनीर खाऊन अकराला आडवं झालं की घशाशी येणारच. तीन तासांचं अंतर ठेवा आणि जड जेवण दुपारी घ्या.

गॅस: पाच संशयित

पहिला फ्लॉवरचा भात. हल्ली घरोघरी होतो, आणि भातासारखा म्हणून वाटीदोनवाटी खाल्ला जातो, म्हणजे एका वेळी पाव किलोच्या वर फ्लॉवर. त्यातल्या न पचणाऱ्या साखरा मोठ्या आतड्यात आंबतात. किसून दोन मिनिटं परतलेला फ्लॉवर तर जवळजवळ कच्चाच असतो. 100 ग्रॅमपासून सुरू करा, झाकण ठेवून पूर्ण शिजवा, फोडणीत हिंग आणि ओवा घाला. आलटून पालटून किसून पिळलेला दुधी वापरा, त्याने फुगत नाही.

दुसरा बदामाचं पीठ. 50 ग्रॅम पिठाची एक जाड रोटी म्हणजे चाळीसएक बदाम. दोन रोट्यांत ऐंशी. कुणी ऐंशी बदाम ताटात घेऊन बसणार नाही, पण पिठातून ते कळत नाहीत. सुकामेवा सगळा धरून दिवसाला 30 ग्रॅम, त्रास असेल तर भिजवून.

तिसरा दूध. पनीर आणि चक्का यांतलं बरंचसं लॅक्टोज निवळीबरोबर निघून गेलेलं असतं, म्हणून ते बहुतेकांना सोसतं. पेलाभर (250 मिली) दुधात मात्र 12 ग्रॅमच्या आसपास असतं, आणि लॅक्टोज न सोसणाऱ्यांची मर्यादा साधारण तिथेच असते. त्यात प्रोटीन पावडर ढवळून घेणाऱ्यांना पावडरचा संशय येतो. ती चार दिवस पाण्यातून घेऊन बघा. तरीही त्रास असेल तर "कॉन्सन्ट्रेट" लिहिलेल्या पावडरऐवजी "आयसोलेट" लिहिलेली घ्या, त्यात लॅक्टोज फारच थोडं राहतं.

चौथा सोया चंक्स. वाळलेल्या सोयात कडधान्यांसारख्याच गॅस करणाऱ्या साखरा शिल्लक असतात. नुसतं रश्शात टाकून शिजवलं की त्या रश्शातच उतरतात. उकळत्या मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायचं, घट्ट पिळायचं, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा थंड पाण्यात धुऊन पिळायचं. मोड आलेल्या कडधान्यांचंही तसंच, भिजवलेलं पाणी फेकायचं. 100 ग्रॅमच्या वर कार्ब्ज खाणाऱ्यांना अर्धी वाटी मटकीची उसळ चालते, मुगाची त्याहून हलकी.

पाचवा, आणि मला सर्वांत जास्त काळजी वाटते तो, शुगर-फ्री गोड. माल्टिटॉल, सॉर्बिटॉल, झायलिटॉल या गोडव्यांचा बराच भाग लहान आतड्यात शोषला जात नाही. तो पाणी ओढतो आणि पुढे आंबतो, म्हणजे गॅस आणि जुलाब दोन्ही. चॉकलेटाच्या पाकिटावर बारीक अक्षरात तसा इशाराही असतो. एरिथ्रिटॉल त्यातल्या त्यात बरं, ते बहुतेक शोषलं जाऊन लघवीवाटे जातं, पण एका वेळी भरपूर घेतलं तर मळमळ होते. शुगर-फ्री पेढ्यांत दुहेरी मार आहे: माल्टिटॉल आणि वर खव्यात आटून दाट झालेलं लॅक्टोज. परदेशातल्या दुकानांत मिळणाऱ्या कीटो बारमध्ये चिकोरीच्या मुळाचा चोथा, म्हणजे इन्युलिन, घातलेला असतो. चोथ्याचा आकडा मोठा दिसतो, पण इन्युलिन झपाट्याने आंबतं आणि पोट तडस लागल्यासारखं होतं.

पाचही वगळून गॅस राहिला तर कांदा-लसणाकडे बघा. त्यांतल्या फ्रुक्टॅन नावाच्या साखरा काहींना अजिबात सोसत नाहीत. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात यावर मोठं काम झालं आहे. त्या साखरा पाण्यात उतरतात, तेलात उतरत नाहीत. त्यामुळे फोडणीच्या तेलात अख्ख्या पाकळ्या मंद आचेवर तांबूस करून काढून टाका. लसणाचा स्वाद तेलात राहतो, त्रास पाकळीबरोबर जातो. पाकळ्या काढल्यावरच भाजी आणि पाणी घाला. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग वापरा.

हे सगळं एकाच दिवशी बंद केलं तर कारण कधीच कळणार नाही. एका वेळी एक वस्तू, चार दिवस. वहीत तीनच गोष्टी लिहा: काय खाल्लं, किती वाजता फुगलं, मळाचा प्रकार कोणता.

गोळ्यांमुळे होणारा त्रास

मधुमेहाचं निदान झालं की मेटफॉर्मिन आणि लो-कार्ब बऱ्याचदा एकाच आठवड्यात सुरू होतात. मेटफॉर्मिनने जुलाब आणि मळमळ होते हे सर्वश्रुत आहे, पण दोष आहाराला जातो. गोळी जेवणाच्या मध्यावर घ्या, आणि हळूहळू विरघळणारी गोळी मिळेल का ते डॉक्टरांना विचारा. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या कोठा बांधतात. सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं चालू असतील तर पोट मुळातच हळू रिकामं होतं, त्यावर तुपकट जेवण घेतलं तर मळमळ वाढणारच. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असताना पोटात खड्डा पडल्यासारखं होऊन घाम आणि थरथर सुटली तर ते अपचन नव्हे. साखर उतरली आहे, लगेच मोजा.

सर्वांत गंभीर बाब नावाच्या शेवटी "-ग्लिफ्लोझिन" येणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्यांची: डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे. त्या चालू असताना कार्ब्ज फार कमी केले तर साखर फारशी चढलेली नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) धोकादायक पातळीला जाऊ शकतात. सुरुवात पोटापासून होते: मळमळ, उलट्या, पोटदुखी, मग धाप. घरी लिंबू-सोडा घेत बसायची ही वेळ नाही. दवाखान्यात जा, गोळीचं नाव सांगा आणि कीटोन तपासायला सांगा. या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता कीटो सुरूच करू नये.

मळात रक्त, काळा डांबरासारखा मळ, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, पोट फुगून वारासुद्धा न सरणं, पंचेचाळिशीनंतर शौचाच्या सवयीत झालेला आणि टिकून राहिलेला बदल, यांपैकी काहीही असेल तर वर लिहिलेले उपाय बाजूला ठेवा आणि तपासून घ्या.

एकादशी आणि परतीचा रस्ता

महिनाभर नीट चाललेलं पोट उपवासाच्या दिवशी बिघडतं, कारण ताटलीभर साबुदाण्याच्या खिचडीत साठ-सत्तर ग्रॅम कार्ब्ज आणि चोथा जवळजवळ शून्य. दुसऱ्या दिवशी पोट फुगतं, काटा किलोभर वर जातो. तो किलो चरबीचा नसतो, परत भरलेल्या ग्लायकोजेनचा आणि त्याच्या पाण्याचा असतो. घरच्या रीतीत बसत असेल तर दही-काकडी, राजगिऱ्याची पालेभाजी, लाल भोपळ्याची भाजी थोडी, आणि दाण्याची आमटी, अशी सोय करा. दाण्याची आमटी वाटीभरच.

लो-कार्ब थांबवून भाकरीवर परत येतानाही हेच नियम उलट्या दिशेने लागू होतात. कित्येक आठवडे कमी पिष्ट खाल्लेल्या पोटाला एकदम तीन भाकऱ्या दिल्या तर ते फुगणार. पहिले चार दिवस फक्त दुपारी अर्धी ज्वारीची भाकरी, पुढचे चार दिवस एक. तेवढ्या दिवसांत इसबगोल निम्मं करा, ताकातलं जास्तीचं मीठ बंद करा, आणि वाढवलेलं तूप भाकरीच्या हिशेबाने उतरवा, नाहीतर दोन्हीकडून भर पडेल. काटा एक-दीड किलो वर गेला तर तो पाण्याचा आहे, घाबरून भाकरी पुन्हा बंद करू नका. भाजी मात्र जितकी आणायला लागला होता तितकीच आणत राहा, पाव किलोत तिघं यावर परत जाऊ नका.